दुखत न्हाई

"भाकरी गालात धरून बसू नको. चाव."

तनूनं मान हलवली, पण गाल तसाच फुगलेला राहिला. आरतीला तिच्याकडं बघत बसायला सवड नव्हती. पुढ्यात डब्यांची रांग लागली होती, शेगडीवर बटाट्याची भाजी रटरटत होती आणि पोळ्यांच्या चळतीवरचं फडकं सारखं घसरत होतं. क्लासच्या पोरांना डबा वेळेवर लागतो. उशीर झाला तर ती रागावत नाहीत, मुकाट्यानं दुसऱ्या मेसला जेवायला लागतात.

लातूरला शिकायला येणाऱ्या पोरांपैकी अर्ध्यांना डॉक्टर व्हायचं असतं आणि उरलेल्या अर्ध्यांच्या आईबापांना त्यांना डॉक्टर करायचं असतं. आरती त्या सगळ्यांना दोन वेळचं जेवण पुरवायची. क्लासच्या इमारतींमागच्या गल्लीत तिच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत मेस, आतल्या खोलीत संसार. संसार म्हणजे ती आणि नऊ वर्षांची तनू. नवरा, मल्लिनाथ, जळकोटजवळच्या गावी शेती आणि आई सांभाळून होता. तनूच्या दुखण्यापायी घराचे असे दोन तुकडे झाले होते. डॉक्टर, औषधं, बरी शाळा, सगळं गावात राहून जमण्यासारखं नव्हतं.

"दुखतंय का काई?" आरतीनं डब्यात भाजी घालता घालता विचारलं.

"न्हाई."

"गुडघा?"

"न्हाई."

"बोटं?"

"न्हाई म्हनलं न मम्मी."

आरतीला बरं वाटलं. रोज सकाळी हे 'न्हाई' ऐकलं की तिच्या हाताला जोर यायचा. तनू खाली वाकून भाकरीचा तुकडा वरणात पुन्हा पुन्हा बुडवत होती. ताटात मुगाचं पातळ वरण, दोडक्याची भाजी, निम्मी भाकरी आणि छोट्या वाटीत शेंगदाण्याची चटणी होती. वाटी तिनं अगदी मांडीशी ओढून घेतली होती.

मकबूलभाई दारात आले. पन्नाशी उलटलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. दिवसभर रिक्षा चालवायचा आणि सकाळ-संध्याकाळ आरतीचे डबे पोचवायचा. पिशव्या उचलता उचलता ते म्हणाले, "ताई, परवा येळवस. पोरं सुट्टीवर. समदं लातूर रानात जातंय. तुमी बी गावाकडं जाताव का न्हाई?"

"न्हाई. आमाला उद्या नांदेडला जायचंय, डॉक्टरकडं."

"नांदेड उद्या. येळवस परवा."

"बघू," आरती म्हणाली. तिच्या 'बघू'चा अर्थ मकबूलभाईंना ठाऊक होता. जाताना त्यांनी तनूच्या डोक्यावर हात ठेवला आणि तनू त्यांच्याकडं बघून तोंड मिटूनच हसली.

---

लहान मुलाला संधिवात होतो हे आरतीलाही आधी ठाऊक नव्हतं. गावात सांगितलं तर लोक हसायचे. "एवढ्याशा पोरीला म्हातारीचं दुखनं कसं व्हईल?" तनू सकाळी लाकडासारखी ताठ होऊन उठायची, दुपारपर्यंत मोकळी व्हायची, संध्याकाळी गल्लीत पळायची. सासूला, शरणम्माला, वाटायचं की पोरगी शाळा बुडवायला सोंग करते. शेवटी कुणीतरी नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं आणि त्यांनी दुखण्याला नाव दिलं. गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्या डॉक्टरांच्या. मग आईनं काय करायचं? आरतीच्या घरातला सगळा आजार पिढ्यानपिढ्या स्वयंपाकघरात बरा झालेला होता. खोकला आला की केळं बंद, जुलाब झाले की दूध बंद, बाळंतिणीला तर अर्धं जगच बंद. आईच्या हातात पथ्य असतं, आणि पथ्य पाळणारी आई कुणाच्या बोलण्यात येत नाही.

मागच्या येळवशीला, मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, सगळे रानात गेले होते. ज्वारी कमरेच्या वर आलेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप, कोपीत पांडवांची पूजा, आणि वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाका मारून आंबील पाजायची. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, आंबट गार आंबील. ती डेऱ्यात रात्रभर मुरते आणि त्या दिवशी कितीही प्यायली तरी कुणी मोजत नाही. तनू पोट फुगेपर्यंत प्यायली, हरभऱ्याच्या रानात चुलत भावंडांबरोबर पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा उजवा गुडघा फुगला होता आणि तिला पाय टेकवेना.

शेजारीण म्हणाली, आंबटानं सांधे धरतात. मग दही, ताक, लिंबू, चिंच बंद झालं. पुढं एकदा तनूनं बोटं दुखतात म्हणून सांगितलं, तेव्हा बटाटा आणि हरभऱ्याची डाळ गेली, कारण ती वातूळ. मनगट दुखतं म्हणाली, वांगं गेलं. टाच दुखली तेव्हा मोबाइलवर एक गृहस्थ गहू आणि दूध म्हणजे सांध्याचं विष असं छातीठोकपणे सांगत होते. गहू गेला, दूध गेलं. साखर कशानं गेली ते आता आरतीलाही आठवत नव्हतं. शाळेत वाढदिवसाचं चॉकलेट मिळालं तर तनू ते घरी आणून आईच्या हातात द्यायची. डबे भरून झाले की तेच चॉकलेट आरती कुठल्यातरी पोराच्या डब्यात टाकायची.

आणि पथ्याला गुण आला! उन्हाळ्यानंतर तनूनं दुखतंय म्हणणंच सोडलं. हळूहळू घास खायची, खेळायला जायची नाही, पण तक्रार नाही. हल्ली तर सकाळी आईच्या आधी उठून न्हाणीत जायची आणि गरम पाणी घेऊन बराच वेळ आत बसायची. पोरगी शहाणी झाली, आरती म्हणायची. गोळ्या चालू होत्या, पण दुखतच नाही तर नांदेडची फेरी कशाला, म्हणून दोनदा ती पुढं ढकलली. मेस बंद ठेवणंही सोपं नव्हतं.

या सगळ्यात आरती स्वतः काय जेवायची हे विचारायला घरात कुणी नव्हतं. तनूसमोर बसून पोळी-भाजी खाणं तिला जमेना. ती ओट्याशी उभी राहून, पाठ फिरवून चार घास खायची. तनू आतल्या खोलीत एकटी जेवायची. दोघींनी एका ताटाशी बसून जेवल्याला किती दिवस झाले होते, ते दोघींपैकी कुणी मोजत नव्हतं.

---

नांदेडच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा गरम भज्यांचा वास आत आला. शेजारच्या सीटवरच्या म्हातारीनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि तनूपुढं धरला.

"घे बाई."

"मला चालत न्हाई," तनू म्हणाली. "गहू असतोय त्येच्यात."

म्हातारी चकित होऊन आरतीकडं बघायला लागली. आरतीला अभिमान वाटला. एवढंसं लेकरू, पण समज बघा.

डॉक्टरीणबाईंनी तनूला टेबलावर झोपवलं आणि गुडघा हळू सरळ करायला घेतला. एका जागी आल्यावर तो थांबला. त्यांनी थोडा जोर दिला. तनू छताकडं बघत होती, डोळ्यांत पाणी तरारलं होतं, आणि ती हसत होती.

"दुखतंय?"

"न्हाई."

बाईंनी मनगटं वाकवून पाहिली, बोटांची पेरं दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "तनुजा, तोंड उघड. तुझीच तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखव."

दोन बोटं गेली. तिसरं काही केल्या जाईना. तनूनं बोटं बाहेर काढून फ्रॉकला पुसली.

वजन झालं. बाईंनी जुना कागद पाहिला आणि पुन्हा काट्याकडं पाहिलं. "वजन घटलंय. या वयात वाढायला हवं. खाते काय ही?"

आरती याच प्रश्नाची वाट बघत होती. तिनं सगळं सांगितलं. काय काय सोडलं, कशानंतर सोडलं, स्वतःच्या घरात चाळीस माणसांचा स्वयंपाक होत असताना एक दिवस पथ्य मोडलं नाही. सांगताना तिचा आवाज चढत गेला. शाबासकी मिळेल असं तिला खरोखर वाटत होतं.

बाईंनी मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, "हे सगळं कुणाच्या सांगण्यावरून?"

"समद्यांच्याच," आरती म्हणाली.

"बघा, काही घरांतून आम्हाला सांगतात, अमुक सोडलं आणि मुलाला बरं वाटलं. वाटतही असेल. त्यावर अभ्यास चालू आहेत, मी खोटं म्हणणार नाही. पण सूज औषधानंच उतरते. आणि हिचं जे चाललंय त्याला पथ्य म्हणत नाहीत, उपास म्हणतात. दूध, दही, डाळी, गहू, सगळं द्या. अंडी खाता?"

"आमच्यात चालत न्हाईत."

"मग डाळ-दूध जास्त द्या. हिला दर आठवड्याला एक इंजेक्शन सुरू करायचंय. रक्त तपासून घेऊ, सोमवारी या. पण एक काम तुमचं आहे, ताई. हिला कुठं कुठं दुखतं ते मला कळायला हवं. नाहीतर औषध लागू पडतंय का ते मी ठरवू कशावरून? ही मला एक शब्द सांगत नाही."

"दुखत न्हाईच तिला. घरी पन म्हनत न्हाई."

"मग गुडघा सरळ का होत नाही?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "जबडा का उघडत नाही? सूज अशीच आत राहिली तर हा गुडघा नंतर कुठल्याच औषधानं सरळ व्हायचा नाही. सोमवारपर्यंत तिच्याकडून काढून घ्या."

परतीच्या गाडीत आरती रागानं धुमसत होती. उपास म्हणे! अर्ध्या लातूरला जेवू घालते मी, आणि माझी पोर उपाशी? बाईंना काय जातंय बोलायला. स्वतःच्या पोटची पोर आईला सांगणार नाही आणि परक्या बाईला सांगेल का? हे ती स्वतःला समजावत होती, पण नजर सारखी तनूच्या गुडघ्याकडं जात होती. सीटवर बसूनही तो एका बाजूला वाकडा राहिला होता. इतके दिवस तो तिच्या नजरेत कसा आला नाही? पोरीच्या ताटाकडं बघता बघता पोरीकडं बघायचं राहिलं होतं.

"तनू, बाईनं दाबलं तवा दुखलं का ग?"

"न्हाई," तनू खिडकीबाहेर बघत म्हणाली.

संध्याकाळी मल्लिनाथचा फोन आला. मागं कुटण्याचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. येळवशीच्या भज्जीसाठी, त्या हिरव्या दाण्यांच्या मिसळ भाजीसाठी, शेंगा सोलणं चाललं असावं.

"सकाळच्या गाडीनं या. आई लई वाट बघून राहिली."

"आन् आल्यावर? समदे तिच्या तोंडात घालतेत. मागच्या साली काय झालतं इसरलाव का?"

"येळवशीला घरची लक्ष्मी घरी नसावी का? येक दिवस, आरती."

"तुमाला येक दिवस. नंतर रातभर पाय चेपत मी बसते."

तो म्हणाला, "बरं. राहा." फोन बंद झाल्यावर आरतीच्या लक्षात आलं की डॉक्टर काय म्हणाल्या ते त्यानं विचारलं नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

---

येळवशीच्या दिवशी लातूर म्हणजे संचारबंदी लागलेलं गाव. दुकानांना कुलपं, चौकात कुत्री, एखादी उशिरा निघालेली गाडी भरभरून माणसं घेऊन गावाबाहेर पळत असते. क्लास बंद होते. लांबची जी पोरं राहिली होती त्यांनाही कुणी ना कुणी मित्र आपल्या रानात घेऊन गेला होता. आरतीच्या ओट्यावर रिकामे डबे उपडे पडले होते.

तिला काय करावं ते सुचेना. एवढ्या दिवसांत तिनं दोघींपुरता स्वयंपाक केला नव्हता. पीठ मळायला घेतलं तर हाताच्या सवयीनं परात भरूनच घेतलं, मग निम्मं परत डब्यात ओतलं. गल्लीत इतकी शांतता होती की वरच्या मजल्यावरचा नळ गळतोय तो ऐकू येत होता. गावाकडं आत्ता पूजा झाली असेल, सासू कोपीच्या दारात उभी राहून वाटसरूंना हाका मारत असेल. परक्याला बोलावतात आणि आपण इथं दार लावून बसलोय. आरतीला भडभडून आलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि पदरानं तोंड पुसलं.

तनू दाराच्या चौकटीला टेकून रिकामी गल्ली बघत होती.

"मम्मी, आज समदे रानात गेले?"

"हाव."

"आज्जी बी?"

"हाव ग."

आपण का गेलो नाही हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ऊन कलायला लागलं तेव्हा रिक्षाचा आवाज आला. मकबूलभाई दारात आले, हातात कडीचा स्टीलचा डबा. त्यांच्या दोस्ताचं, बसवराजचं, रान रिंगरोडच्या पलीकडं होतं आणि दर येळवशीला ते तिथं जायचे. चप्पल बाहेर काढून त्यांनी डबा ओट्यावर ठेवला.

"आंबील हाय, ताई. बसवराजच्या रानातली."

"मकबूलभाई, तुमाला तर ठावं हाय..."

"ठावं हाय, समदं ठावं हाय. पथ्य मोडा म्हनत न्हाई मी. पन बसवराजची बायको म्हनली, आज ज्येच्या घरात आंबील न्हाई आसं येक बी घर नको. मी म्हनलं, येक हाय." ते दाढीवरून हात फिरवत थोडे अडखळले. "नको आसली तर झाडाला घाला. पन घरात येऊ तरी द्या तिला."

ते गेले. आरतीनं डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि त्यावर ताट झाकलं. तनूनं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. मागितलं असतं, रडली असती, तर आरतीला ओरडता तरी आलं असतं.

दोघी जेवायला बसल्या. आज पाठ फिरवून उभं राहायला डब्यांचं निमित्त नव्हतं, म्हणून आरतीनं आपलंही ताट तनूसमोर घेतलं. बऱ्याच दिवसांनी ती पोरीला खाताना समोरून बघत होती. तनू भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडायची, वरणात भिजवायची आणि डाव्या गालात सरकवायची. चावताना तिचा उजवा डोळा बारीक व्हायचा. कुणी बघत असेल तर ती चावणं थांबवायची.

"दुखतंय का ग चावताना?"

"न्हाई."

"मग डोळा का बारीक करतीस?"

"न्हाई करत."

"तनू, माझ्याकडं बघ. खरं सांग. मारनार न्हाई, रागावनार न्हाई. कुठं तरी दुखतंय न?"

तनूनं आईकडं पाहिलं नाही. तिचा हात ताटाकडं गेला. शेंगदाण्याच्या चटणीची छोटी वाटी तिनं उचलली, मांडीवर घेतली आणि दोन्ही तळव्यांनी झाकली. बोटं नीट मिटत नव्हती, तरी झाकली.

"न्हाई दुखत," ती म्हणाली. मग अगदी हळू, "चटनी बंद नको करू."

आरतीच्या हातातला घास परत ताटात गेला.

बटाटा कधी गेला, वांगं कधी गेलं, गव्हाची पोळी कधी गेली, सगळं तिच्या डोळ्यांसमोर एकामागून एक उभं राहिलं, आणि प्रत्येकाच्या आधी तनू 'दुखतंय' म्हणत उभी होती. बोटं दुखली, बटाटा गेला. टाच दुखली, दूध गेलं. दुखणं सांगितलं की आई ताटातून काहीतरी उचलून नेते, हे पोरीला डॉक्टरांच्याही आधी कळलं होतं. शेवटी ताटात उचलून न्यावं असं एकच काही उरलं, तेव्हा तिनं दुखणंच बंद करून टाकलं. आणि आपण मात्र रोज सकाळी 'न्हाई' ऐकून खूश होत होतो. आरतीला स्वतःची भीती वाटली. एवढंसं लेकरू आपल्या आईला घाबरून न्हाणीत गरम पाण्यात हात घालून एकटं बसतं, आणि आई बाहेर परक्यांचे डबे भरते.

तिला रडू आवरेना. पण तिचं रडणं बघून तनू आणखीच घाबरली आणि वाटी घेऊन भिंतीकडं सरकली. ते बघून आरतीनं डोळे पुसले आणि उठली.

वरच्या फळीवरचा डबा तिनं खाली काढला. झाकण उघडल्याबरोबर ताकाचा, लसणाचा आंबट वास खोलीभर झाला. तिनं मोठी वाटी घेतली, पळीनं आंबील ओतली आणि तनूपुढं ठेवली.

तनू वाटीकडं बघायला लागली, मग आईकडं. "मला चालत न्हाई."

"चालतंय."

"गुडघा फुगतोय."

"आंबिलीनं न्हाई फुगत. डॉक्टरबाईनं सांगितलं न तुझ्यासमोर?"

"तू म्हनलीस, बाईला काय जातंय."

एसटीत ते आपण मोठ्यानं बोललो होतो की काय? आरतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तनूसमोर मांडी घालून बसली. "मी चुकले. माझं ऐक आता. आज आपली येळवस. एक दुखनं सांगायचं, एक पळी आंबील घ्यायची. जेवडी दुखनी, तेवड्या पळ्या. काईच बंद व्हनार न्हाई."

"चटनी?"

"चटनी तुझीच. आनखी देते." तिनं बरणी काढून तनूच्या वाटीत चटणी घातली. शीग लागेपर्यंत घातली.

तनूनं ती वाटी आधी मांडीशी ओढून घेतली. मग उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पुढं केलं आणि पटकन मागं घेतलं.

"हे."

आरती वाटी तिच्या ओठांना लावून थांबली. तनूनं एक घोट घेतला. ओठांवर पांढरी मिशी उमटली. ती थांबून आईच्या हाताकडं बघत राहिली, हा हात आता काय उचलून नेतो म्हणून. हातानं काहीच उचललं नाही. पळी पुन्हा डब्यात बुडाली.

"आनखी?"

"ह्येच्या शेजारचं बी."

पळी.

"मनगट. दोनी."

"दोनी म्हंजी दोन पळ्या."

तनू हसली, नुसती जराशी, आणि हसताना हात गालाशी गेला. "हितं. कानाच्या खाली. भाकरी चावताना." मग तिला थांबता येईना. गुडघा तर हाच, पण दुसरा पण, कमी. टाच सकाळी. जिना उतरताना घोटा. शाळेत खाली बसून उठताना सगळं. रात्री कूस वळताना. सकाळी उठताच येत नाही, म्हणून आधी जाग आली की लोळत लोळत न्हाणीपर्यंत जायचं. ती सांगत होती तसा तिचा आवाज मोकळा होत होता, जणू काही शाळेतल्या गमती सांगतेय. आरती पळीवर पळी ओतत होती आणि प्रत्येक वेळी फक्त "हं" म्हणत होती.

बाहेर रानातून परतणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. गल्लीत कुणाच्या तरी पोरांचा दमलेला कलकलाट ऐकू आला, कुणीतरी दार उघडलं. पळी डब्याच्या तळाला खरवडली. आरतीनं डबा तिरपा करून शेवटचा थेंब वाटीत पाडला.

तनूनं वाकून डब्यात पाहिलं. "संपली."

"हाव."

तिनं वाटी चाटून पुसून खाली ठेवली. थोडा वेळ ती रिकाम्या डब्याकडं बघत राहिली. मग मान खाली घालून, चोरून काही मागावं तशी म्हणाली, "मान बी दुखती, मम्मी."

आरती उठली. फ्रिजमधून उद्याच्या डब्यांसाठी लावलेल्या दह्याचं मोठं पातेलं तिनं काढलं, त्यावरची साय न मोडता ते दोघींच्या मधे ठेवलं आणि पळी धुऊन पुन्हा समोर येऊन बसली.

"सांग," ती म्हणाली.